कुमुदताईंचा उलटा कारखाना

समस्त नाशिककरांनो, हातातली कामं ठेवा, टीव्ही बंद करा आणि ऐका. आपल्या शहरात अशी एक कारखानदारीण आहे, जी स्वतःच्याच कामगारांना रोज विचारते, "घरी कधी जाणार?"

त्या आमच्या शेजारच्या कुमुदताई. वय साठ, घरात एकट्या, आवाज मात्र द्वारकेच्या चौकातली वाहतूक थांबवेल असा. तळमजल्यावर त्यांचा शाळेचे गणवेश शिवायचा कारखाना. शिवायला दहा बायका, सगळ्या पेठ तालुक्यातल्या एकाच गावातल्या. मुलं गावी आजीकडे आणि या इथे भाड्याच्या खोल्यांत. चार वाजता ताई स्वतः अकरा कप चहा करत आणि कपासोबत तो प्रश्न देत. नवीन बाई हमखास रडायची. तिला वाटायचं, काम सुटलं!

एकदा त्यांनी सोनाबाईला विचारलं, "तुझा मुलगा कितवीत गं?"

"तिसरीत." मग हातातला गणवेश खाली ठेवून सोनाबाई पुटपुटली, "नाय... चवथीत आसंल."

ताईंचा चहा तसाच राहिला. दुसऱ्या दिवशी त्यांनी जाहीर केलं, "शिलाई गावाला न्यायची."

कापडबाजारात हशा पिकला. एक शेठ म्हणाले, "ताई, माणसं कामाकडे येतात. काम कधी माणसांकडे जातं का?"

"एसटी दोन्हीकडून धावते, शेठ."

गावात वीज टिकत नाही म्हटल्यावर ताईंनी मोटारीची मशिनं काढून पायाची आणली. ती गावी नेताना घाटात टेम्पो अडला, तर मलाही ढकलायला उतरवलं. मी पाठदुखीचा प्रवेश छान रंगवला होता. "नाटक वर पोचल्यावर करा!" ताई गरजल्या. वर पोचलो तेव्हा सोनाबाईचा मुलगा धावत आला. पाचवीत होता!

आता कापड ताई इथे बेतायच्या, गठ्ठे सकाळच्या एसटीने जायचे. शाळेला पहिली खेप शनिवारी हवी होती. चुकली असती तर शाळा दुसऱ्याकडे गेली असती आणि बायका पुन्हा भाड्याच्या खोल्यांत. शनिवारी दुपारी दोनच्या एसटीतून गठ्ठे उतरले. एक काज वाकडं नव्हतं. ताई स्वतः रिक्षाने शाळेत देऊन आल्या.

चारच्या सुमारास मी अभिनंदनाला गेलो. तळमजला रिकामा. टेबलावर चहाचे अकरा कप, दहांवर साय धरलेली.

"सवय," ताई म्हणाल्या आणि कप आवरू लागल्या. त्यांचा एवढा हळू आवाज मी पहिल्यांदाच ऐकला.

तेवढ्यात फोन वाजला. हात ओले, म्हणून त्यांनी स्पीकर लावला. पलीकडे मशिनांचा खडखडाट.

"माल पोचला, सोनाबाई. शाळा खूश आहे," ताई म्हणाल्या.

खडखडाट थांबला. कुणीतरी हसलं, आणि सोनाबाई एकदम बोलून गेली, "त्ये ऱ्हाऊ द्या ताई, तुमी घरी कवा येनार?"