प्रमुखाचा रकाना

तपासनीस लहान मुलांच्या खुर्चीवर कसेबसे टेकले, फॉर्म गुडघ्यावर पसरला आणि म्हणाले, "प्रमुख कोण?"

"कोणीच नाही," प्राध्यापिका म्हणाली.

"बाहेर गेल्यात का?"

"नाही. मुळातच कोणी नाही."

आज शुक्रवार. लॅबवालीची लांबलेली रजा संपत होती, आणि सोमवारी नऊला हजर झाली नाहीस तर तुझ्या जागी दुसरी घेऊ, असं रक्त तपासणाऱ्या लॅबच्या साहेबांनी फोनवर स्वच्छ सांगितलं होतं. परवानगीचा शिक्का बसल्याशिवाय हे पाळणाघर काही उघडणार नव्हतं. आणि तिचा दीड वर्षाचा ठोंब्या या घटकेला तपासनिसांच्या बुटाची नाडी चघळत होता.

या सगळ्याचं मूळ जुन्या पाळणाघरात होतं. तिथल्या मॅडमच्या गळ्यात शिट्टी असायची. एका शिट्टीला पोरांनी झोपायचं, दोन शिट्ट्यांना दूध प्यायचं. शिट्टी वाजली की पोरांना न्यायला आलेल्या आयाही दचकून सरळ उभ्या राहायच्या. एक दिवस चौघी आपापली पोरं काखोटीला मारून निघाल्या त्या निघाल्याच: लॅबवाली, टेलरबाई, दातांची डॉक्टर आणि राज्यशास्त्र शिकवणारी प्राध्यापिका. आपलं पाळणाघर अराज्यवादाने चालवायचं, असं प्राध्यापिकेने सुचवलं. लॅबवालीला कॉलेजात यावर पाच मार्कांची टीप आल्याचं आठवत होतं, टीप आठवत नव्हती. प्राध्यापिकेने समजावून दिलं की अराज्यवाद म्हणजे दंगाधोपा नव्हे. माणसावर माणसाची हुकूमत नको, एवढंच. ज्याला हुकूम सोडायचाय त्याने तो कशासाठी ते आधी पटवून द्यावं. बाकी माणसं आपखुशीने, एकमेकांना धरून कामं करतातच.

ऐकताना ते अगदी पटलं होतं. मग सगळ्यांचं एकमत हवं म्हणून पडद्याच्या रंगावर तीन बैठका झाल्या, आणि खिडक्या उघड्याच राहिल्या. रंगकाम झालं त्या दिवशी कुलूप लावायला कोणी कोणाला सांगितलं नाही. संध्याकाळी चौघी चार घरांतून धावत परत आल्या आणि चार कुलपं घेऊन दारात भेटल्या.

"अहो, एक नाव टाका आणि मोकळ्या व्हा," तपासनीस म्हणाले. "रकाना एवढासा आहे."

"माझं टाका," लॅबवाली पटकन बोलून गेली.

टेलरबाईने तोंडातल्या टाचण्या काढल्या. "हे तू एकटीनेच ठरवलंस होय? शिट्टी आणू का तुला?"

लॅबवाली ओशाळली. तपासनिसांना मात्र आता उत्सुकता वाटू लागली. भांडण झालं तर काय करता, त्यांनी विचारलं. बसून बोलतो, डॉक्टर म्हणाली. आणि मिटलं नाही तर? अजून बसतो. आजारी कोणी पडलं तर? तिची पाळी जिला जमेल ती घेते, सांगावं लागत नाही. तपासनीस नाडी सोडवून घ्यायचंही विसरले. मग त्यांनी पेन खिशाला लावलं.

"एखादी जागा आहे का?" त्यांचा आवाज खाली आला होता. "नात आहे माझी, वर्षाची. मुलगा-सून दोघं कामावर. सोमवारपासून मीच महिन्याची रजा टाकलीय."

चौघी एका दमात हो म्हणाल्या. पाळणाघराच्या इतिहासातलं हे पहिलं एकमत. चला, शिक्का बसला, असं लॅबवालीला वाटलं, तोच तपासनिसांनी शाईचा पॅड बंद केला.

"आता मी तुमच्यातलाच झालो. स्वतःच्या पाळणाघराची तपासणी करता येत नाही. नियम आहे. दुसरे साहेब येतील, पंधरा दिवसांत."

आपण नक्की जिंकलो की हरलो, हे लॅबवालीला उमगेना. "मग सोमवारी मी करू काय, काका?"

"माझ्या घरी आण की. रोज एकीने सोबत थांबा." ते उठले, खुर्चीही त्यांच्याबरोबर उठली. "आजोबांच्या घरी नातीबरोबर चार पोरं खेळायला आली, तर त्याला आमच्या ऑफिसात फॉर्मच नाही. एकोणतीस वर्षं काढलीत मी तिथे."

सोमवारी पावणेनऊला लॅबवाली कामावर हजर होती. दहापर्यंत तिने तीनदा फोन केला. तिन्ही वेळा काकांच्या घरी थांबलेल्या टेलरबाईने, सगळी मजेत आहेत, तू रक्त काढ, असं सांगून फोन ठेवून दिला. चौथ्यांदा नंबर लावताना साहेबांनी पकडलं.

"मुलाला कुठे ठेवलंय?"

तिने सांगितलं.

"तिथे प्रमुख कोण?"

"कोणीच नाही, सर."

साहेब बघत राहिले. ही नजर तिने शुक्रवारीच पाहिली होती. त्यांनी केबिनचं दार लोटलं आणि आवाज खाली आणला. "एखादी जागा आहे का? आमचे जुळे आहेत."

"मला एकटीला नाही सांगता येणार, सर. सगळ्यांना विचारावं लागेल." मग थोडं थांबून ती म्हणाली, "पडद्याच्या रंगाबद्दल तुमचं काही मत असेल, तर ते मात्र आधीच सांगून ठेवा."