शास्त्र उघडायला लावणारा कंडक्टर

धाडजवळच्या आमच्या लहानशा चर्चात पाळकसाहेब उपदेशाला उभे राहिले तरी उपदेश सुरू होत नाही. शांतवन कंडक्टरनं तिकीट टोचायचा चिमटा खिडकीच्या गजावर टक्‌ टक्‌ असा दोनदा वाजवला, म्हणजे मग गाडी हलते.

हा एस.टी.तला कंडक्टर. बदली होऊन आला, स्टँडामागं खोली घेतली, आणि पहिल्याच रविवारी मधोमध उभा राहून म्हणाला, "शास्त्र कोनाकोनाजवळ हाय? वर करा!"

आम्ही ख्रिस्ती माणसं बायबलाला शास्त्र म्हणतो. ते घरोघरी होतं, पण फडक्यात बांधून पेटीत. उघडायची गरजच काय? मी होतो ना!

माझी शाळा दुसरीपर्यंत. पण शास्त्रातली स्तोत्रं सगळी तोंडपाठ. वाचनाची वेळ झाली की पाळकसाहेब माझ्याकडे बघायचे. मी डोळे मिटून उभा राहायचो आणि खडा आवाज लावायचो. बायांच्या बाजूला माझी सुलोचना पदर सावरून ऐकायची. इतकी वर्षं हा मान माझा.

तो या कंडक्टरनं घालवला. मला एक शब्द बोलला नाही, नुसती सगळ्यांना पानं उघडायला लावली. शास्त्रातलं हबक्कूक नावाचं चिमुकलं पुस्तक कुणाला सापडेना, तर हा रांगांतून हिंडत ओरडतो, "आमोस गेला! योना गेला! मावशी, तुमी लय पुढं निघून गेल्या, माघारी या. हं, चला, हबक्कूकवाले उतरा!" बाया हसल्या, म्हातारे हसले, पाळकसाहेबसुद्धा हसले. माझं पाठांतर ऐकताना कुणी हसलं नव्हतं हे खरं, पण इतकं खुशीत कुणी बसलंही नव्हतं.

पुढच्या रविवारी घरी जाताना सुलोचना म्हणते, "एक ओळ गाळली तुमी आज."

"कोन म्हन्ते?"

"पुस्तक म्हन्ते. मी बोट ठेवून पाहून राह्यली होती ना."

"छापनाऱ्यानं चुकवलं असन," मी म्हटलं. त्या दिवशी भाजीत मीठ नव्हतं, तरी मी मागितलं नाही.

आता गंमत ऐका. दुनियेला शास्त्र आणा म्हणून हैराण करणारा हा गडी स्वतः रिकाम्या हातानं यायचा! चिमटा कधी विसरला नाही, शास्त्र मात्र दर खेपेला विसरलेला. मग कुणाच्या तरी शेजारी सतरंजीवर मांडी घालून, "जरा इकडं धरता का, भाऊ?" कधी शाळेतले मास्तर, कधी शिंपी. माझ्याकडे यायचं कारणच नव्हतं. मी पुस्तक आणतच नव्हतो.

मी म्हटलं, सापडला! याच्याजवळ शास्त्रच नाही, नुसती फुशारकी. पाळकसाहेबांना काय सांगायचं ते मनाशी जुळवत शनिवारी दुपारी त्याच्या खोलीवर गेलो.

दार उघडंच होतं, शांतवन आत बसलेला. दोरीवर खाकी वर्दी, चूल थंड, आणि फळीवर थोरलं शास्त्र. पानांच्या कडा बोटं लागून लागून काळ्या झालेल्या. एवढं वापरलेलं शास्त्र आमच्या गावात कुणाचं नव्हतं.

"हे काय बे? घरी शास्त्र हाय, तं चर्चात काऊन आनत नाही?"

गाडीभर ऐकू जाईल असा त्याचा आवाज. तो एकदम बारीक झाला.

"काका, हे आमी दोघं नवरा-बायको वाचत होतो. एक पान ती वाचे, एक मी. ती वारली, अन् आता एकट्यानं वाचाले बसलो का शेजारची जागाच दिसते." फळीवरच्या शास्त्राकडे बघून म्हणाला, "चर्चात माहं माह्याजवळ असलं, तं आपलं शास्त्र माह्यासमोर कोन धरन?"

मग लगेच हसून, "चा घेता? दूध नाही, साखर हाय."

मी चहा घेतला. पाळकसाहेबांकडे गेलो नाही.

रविवारी पेटीतून शास्त्र काढलं. सुलोचना बघतच राहिली. मी लवकर जाऊन बसलो, शेजारी दुसरं कुणी बसू नये म्हणून सतरंजीवर रुमाल टाकला, आणि शास्त्र मांडीवर उघडून ठेवलं.

शांतवन आला. माझं उघडं पान बघून त्याचा चेहरा असा फुलला की मलाच लाजल्यासारखं झालं. थेट माझ्याकडे निघाला. मग त्याला रुमाल दिसला.

जन्म गेला त्याचा एस.टी.त. रुमाल टाकलेल्या जागेवर तो दुसऱ्याला बसू देत नाही, स्वतः कसा बसणार?

"जागा धरलेली दिसते," असं पुटपुटला आणि मागं सरकला.

अरे, तुह्याचसाठी धरली, एवढंच म्हणायचं होतं. अख्खी स्तोत्रं खड्या आवाजात म्हणणारा मी, पण तेवढं तोंडातून निघेना. सगळं चर्च बघत होतं.

मागं मास्तरांनी आपलं शास्त्र त्याच्याकडे अर्धं सरकवलं. दोघांची डोकी जवळ आली. पान संपलं तसे मास्तर थांबले, कंडक्टरनं मान हलवली, तेव्हा त्यांनी उलटलं. कंडक्टरवर मी इतके दिवस जळलो, पण त्या घडीला मास्तरांचा जो हेवा वाटला, तसा कधीच कुणाचा वाटला नव्हता.

माझं पान मी एकट्यानंच उलटलं.