लाल चिमटा, पिवळी तबकडी

सासरे येणार म्हणून लोक घराला रंग देतात. भूगोलाच्या सरांनी गाडीच्या ब्रेकला दिला.

शनिवारी सकाळी सर दारासमोर चटई अंथरून गाडीच्या पुढच्या चाकाशी पालथे पडले होते. चाक काढून बाजूला ठेवलेलं, हातात बारीक ब्रश आणि जिभेचं टोक ओठाबाहेर. फळ्यावर नकाशा काढतानाही ते टोक असंच बाहेर येई. बायको चहा घेऊन आली आणि थोडा वेळ बघत उभी राहिली.

"अहो, चाकाच्या आतला रंग कोण बघणार आहे?"

"आबा."

उत्तर बरोबर होतं, म्हणून तिने चहाचा कप चटईवर ठेवला.

आबा म्हणजे तिचे वडील. चौतीस वर्षं बस चालवून निवृत्त झालेले, आणि चौतीस वर्षांत बसला साधा ओरखडासुद्धा येऊ न दिलेले. लग्नानंतर सर पहिल्यांदा गाडी घेऊन त्यांच्याकडे गेले, तेव्हा अंगणात पाण्याची एक बादली होती. गाडी थांबली ती बादलीच्या पलीकडे. आबांनी चपट्या झालेल्या बादलीकडे पाहिलं, मग जावयाकडे पाहिलं, आणि विचारलं, "ब्रेक कुठे आहेत?"

"आहेत ना, आतमध्ये."

"मला दिसत नाहीत. आणि न दिसणाऱ्या ब्रेकवर मी विश्वास ठेवत नाही."

त्याला आता बारा वर्षं झाली. आबा दरवर्षी लेकीकडे येत, पण आगगाडीने. स्टेशनपासून घरापर्यंत हातात पिशवी घेऊन चालत येत. सर गाडी घेऊन स्टेशनवर गेले, तर गाडीला लांबूनच हात दाखवून पुढे निघत. सर पहिल्या गियरमध्ये त्यांच्या मागून येत. एखाद्या मिरवणुकीसारखं ते दृश्य दिसे.

या वर्षी मात्र गोष्ट चेष्टेवारी नेण्यासारखी राहिली नव्हती. आबांच्या गुडघ्यांना स्टेशनचा जिना झेपेनासा झाला होता. "हे त्यांचं आगगाडीने शेवटचं येणं," बायको कपड्यांच्या घड्या घालता घालता म्हणाली. "पुढच्या वर्षीपासून तुम्ही गाडीने आणलंत तरच येणार. आणि तुमच्या गाडीत ते बसत नाहीत. म्हणजे संपलंच." तिने एकाच टॉवेलची तीनदा घडी घातली. सरांनाही आबा आवडत. सरांचे पेपर तपासून झाले की ते गठ्ठा बांधून देत, आणि असं करणारा घरात दुसरा कोणी नव्हता.

रविवारी आबांना गाडीतून तळ्यापर्यंत न्यायचं ठरलं. सर गॅरेजमध्ये गेले.

"नवे ब्रेक टाका. सगळ्यात भारी," ते म्हणाले.

गॅरेजवाल्याने हात पुसले. "सर, तुमची गाडी थांबवायला भारी ब्रेक कशाला? तिला आधी पळवावी लागेल."

"टाका तुम्ही. आणि ब्रेक बाहेरून दिसले पाहिजेत."

तेव्हा गॅरेजवाल्याने सांगितलं, की हौशी लोक कॅलिपरला लाल रंग देतात. कॅलिपर म्हणजे चाकामागच्या लोखंडी तबकडीला दोन्ही बाजूंनी पकडणारा चिमटा. तो तबकडी आवळतो, म्हणून गाडी थांबते. त्याने नव्या तबकड्या बसवल्या, नवे पॅड घातले, आणि उष्णता सोसणाऱ्या लाल रंगाचा छोटा डबाही दिला. रंग कुठे द्यायचा हे सांगून झाल्यावर तो म्हणाला, "काही विचारायचं आहे?" सरांनी नकारार्थी मान हलवली. वीस वर्षं वर्गात प्रश्न विचारायचं काम त्यांच्याकडे होतं, त्यामुळे उलट विचारायची सवय राहिली नव्हती.

तर शनिवारी दुपारपर्यंत दोन्ही चिमटे लालभडक झाले. सरांनी चाकं बसवली, चाकांवरच्या प्लास्टिकच्या थाळ्या ठोकून बसवल्या, आणि बायकोला हाक मारली.

"कसं वाटतंय?"

"काय कसं वाटतंय?"

सरांनी वाकून पाहिलं. थाळ्यांनी सगळं झाकलं होतं. गाडी कालच्याइतकीच करडी दिसत होती.

सरांनी थाळ्या उपटून काढल्या. आता चाकाला सुपारीएवढी भोकं दिसत होती आणि त्यांतल्या एकातून लाल रंगाचा एक कण. बाकी सगळ्या भोकांतून तबकडीचं करडं लोखंडच दिसत होतं. दुसरा एखादा माणूस इथे थांबला असता. पण वर्गात सर कायम एक गोष्ट सांगत आले होते, की जो भाग डोळ्यांत भरवायचा असेल त्याच्या शेजारचा रंग वेगळा हवा, नाहीतर नकाशातली मोठी नदीसुद्धा कोणाला सापडत नाही. स्वयंपाकघरातल्या कपाटाला दिलेला पिवळा ऑइलपेंट अर्धा डबा उरला होता. सरांनी चाकं पुन्हा काढली आणि दोन्ही तबकड्या मागूनपुढून पिवळ्याधमक रंगवल्या.

"एक हात आणखी देतो," ते म्हणाले, आणि दिला.

संध्याकाळी आबा आले. रविवारी सकाळी सरांनी त्यांना चाकापाशी नेलं. आबा गुडघ्यावर हात ठेवून हळूहळू खाली बसले आणि भोकातून आत पाहू लागले.

"हे लाल काय?"

"चिमटा, आबा."

"आणि पिवळं?"

"तबकडी. लाल चिमटा पिवळ्या तबकडीला पकडतो. दोन्ही दिसतायत ना?"

आबांच्या बसला झाकलेले जुने ड्रमब्रेक होते. तबकडीचा त्यांना अनुभव नव्हता. त्यांनी एकेका भोकातून आत पाहिलं, आणि सरांना वाटलं, आपण पास झालो. मग आबांनी विचारलं, "हॉर्न वाजतो का?"

"वाजतो."

"वायपर?"

"दोन्ही."

"ऊन फार आहे आज."

"आबा," लेक दारातून म्हणाली, "बसा आता."

आबा उठले. शर्टाच्या खिशातली कागदी पिशवी त्यांनी बाहेरूनच चाचपून पाहिली. तिच्यात गुडघ्यांच्या गोळ्या असतील, असं सरांना वाटलं. आबा पुढच्या सीटवर बसले, खिडकीवरचं हँडल धरलं आणि समोर एका बिंदूवर नजर लावली. लेक मागे बसली. तिने रुमाल डोळ्यांना लावला, ते आरशात बघून सरांनाही भरून आलं.

गल्ली सपाट होती तोवर ब्रेकची गरजच पडली नाही, कारण सर दुसऱ्या गियरच्या पुढे जात नसत. गल्ली संपल्यावर मात्र बांधकाम चाललेल्या इमारतीपर्यंत उतार होता. सरांनी हलकेच ब्रेक दाबला. गाडीने तो मनावर घेतला नाही. त्यांनी जोरात दाबला. पुढच्या चाकांतून पिवळट धूर निघाला आणि गाडीत कपाट जळाल्याचा वास पसरला.

"थांबवा," आबा म्हणाले.

"हो आबा."

"जावईबापू, थांबवा."

"थांबवतोय, आबा. ती थांबत नाहीये."

"लवकर थांबवा हो."

"अहो, आबा थांबवा म्हणतायत," मागून बायको म्हणाली.

"मला ऐकू येतंय."

वेग चालत्या माणसाएवढाच होता. कडेने जाणाऱ्या एका बाईंनी काचेशी वाकून, "चाकातून धूर येतोय," असं सांगितलं, आणि त्या गाडीच्या पुढे निघून गेल्या. शेवटी आबांनी एका हाताने तोंड दाबलं आणि दुसऱ्या हाताने हँडब्रेक खेचला. गाडी वाळूच्या ढिगात नाक खुपसून थांबली. आबा दार उघडून उतरले आणि गुडघ्यांची पर्वा न करता ढिगामागे गेले. तिथून जे आवाज आले, त्यांवरून सरांना कळलं की सकाळचा चहा बाहेर पडला.

सर स्टिअरिंगवर डोकं टेकून बसले. बारा वर्षांत एक संधी मिळाली होती, आणि तिच्यात त्यांनी सासऱ्यांना भीतीने ओकायला लावलं होतं. आता आबा कुठले यायला.

"चुकलं माझं," आबा परत आल्यावर सर म्हणाले. "तुमचंच बरोबर होतं. या गाडीला ब्रेक नाहीत."

आबा वाळूवर टेकले. रुमालाने तोंड पुसलं आणि लेकीकडे न बघता म्हणाले, "ब्रेकचं काही नाही. मला गाडी लागते."

"काय?" लेक म्हणाली. "तुम्ही चौतीस वर्षं बस चालवलीत, आबा."

"चालवताना लागत नाही. शेजारी बसलं की पोट ढवळतं. आगगाडीत काही होत नाही, पण चारचाकीत..." त्यांनी हात हलवला. "निवृत्त झालो त्या दिवशी सगळे मला बसमध्ये बसवून घरी सोडायला निघाले. मी म्हटलं, मीच चालवतो. सगळ्यांचे डोळे पाणावले. म्हणाले, कामावर किती प्रेम आहे बघा."

"मग ती बादली?" सरांनी विचारलं.

"बादली आयतीच सापडली," आबा म्हणाले. "बस ड्रायव्हरला गाडी लागते, हे कुठल्या तोंडाने सांगू? त्यापेक्षा जावयाला नावं ठेवणं सोपं."

सरांना राग यायला हवा होता. त्याऐवजी त्यांना इतकं हलकं वाटलं, की ते जाऊन आबांशेजारी वाळूत बसले.

सरांनी फोन केल्यावर तासाभराने गॅरेजवाला पाना घेऊन आला. चाक काढून तो पिवळ्या तबकडीकडे बघत राहिला.

"सर, हे कोणी केलं?"

"मी. का?"

"पॅड याच तबकडीला घासतो, म्हणून गाडी थांबते. हिला रंग देत नाहीत."

"मग तुम्ही सांगायचं."

"काही विचारायचं आहे का, म्हणून विचारलं होतं की."

त्याने थिनर आणि सँडपेपरने तबकड्या घासून चकचकीत केल्या, पॅड खरवडले आणि ब्रेक पाचसहा वेळा दाबून पाहिला. लाल चिमट्याला मात्र हात लावला नाही. "हा छान दिसतो," तो म्हणाला.

तळं अजून बरंच लांब होतं. आबांनी पाकिटातून लायसन काढून लेकीला तारीख दाखवली. ते अजून तीन वर्षं चालणार होतं. मग कोणी काही न म्हणता ते ड्रायव्हरच्या जागी बसले. सीट पुढे घेतली, आरसा वळवला आणि बारा वर्षांत तिसऱ्या गियरचं तोंड न पाहिलेली गाडी त्यांनी चौथ्यात टाकली.

"पुढच्या वर्षी तुम्ही दोघं मला घ्यायला या," आबा म्हणाले. ते एकदम दहा वर्षांनी लहान दिसत होते. "येताना मी चालवीन."

मागून लेक हसली. तळ्याकडचा रस्ता वळणावळणाचा होता, आणि आबा प्रत्येक वळण प्रेमाने घेत होते. सर डाव्या सीटवर बसून झाडं बघत होते. स्वतःच्या गाडीत या बाजूला ते कधी बसलेच नव्हते. पाचव्या वळणावर त्यांनी खिडकी उघडली. सातव्या वळणावर हँडल धरलं.

"आबा," ते बारीक आवाजात म्हणाले, "जरा थांबवता का?"

आबांनी ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी थांबली.

"ब्रेक उत्तम आहेत," आबा म्हणाले, आणि खिशातली रिकामी कागदी पिशवी काढून त्यांनी जावयाच्या हातात दिली.