सरकत्या दारातलं खोबरेल

धम्मपाल तायडे विमा कंपनीच्या क्लेम विभागात बसतो. लोकांच्या घरात काय मोडलं, कसं मोडलं आणि कोणाच्या चुकीने मोडलं हे ठरवणं त्याचं काम. बावीस वर्षं हेच केल्यामुळे मोडलेल्या वस्तूंतलं आपल्याला कळतं, अशी त्याची ठाम समजूत झाली होती. (कळणं आणि दुरुस्त करता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे नीलम त्याला लग्नापासून सांगत आली आहे. पण बायकोचं म्हणणं क्लेम विभागात पुरावा म्हणून धरत नाहीत.)

त्याच्या मुलुंडच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात हॉल आणि बाल्कनी यांच्यामध्ये एक सरकतं दार आहे. अ‍ॅल्युमिनियमची चौकट, मोठी काच, खाली ट्रॅक, ट्रॅकमध्ये चाकं. त्या दारापलीकडे दोन खुर्च्या आणि गवती चहाची एक कुंडी. रोज सकाळी त्या खुर्च्यांवर धम्मपालची आई, मथुराबाई, आणि बाबा, राजाराम तायडे, चहा घेऊन बसायचे. बोलायचे फार नाहीत. आई पेपरातल्या बातम्या मोठ्याने वाचायची आणि बाबा त्या पटल्या नाहीत की हुं म्हणायचे.

गेल्या जानेवारीत आई गेली. त्यानंतर चार-सहा महिन्यांत दार कुरकुरायला लागलं, मग अडायला लागलं, मग त्याला दोन हात आणि एक खांदा लागायला लागला. बाबांचं वय शहात्तर, दोन्ही गुडघे कामातून गेलेले. त्यांनी दोनदा दार ओढून पाहिलं आणि तिसऱ्यांदा पाहिलं नाही. हॉलमध्ये बसून ते काचेतून त्या रिकाम्या खुर्च्यांकडे बघत राहायचे. चौतीस वर्षं कारखान्यात फिटर म्हणून काढलेला हा माणूस. त्यांना एका दाराने हरवलं हे धम्मपालला बघवत नव्हतं. त्यातून बाबांचं बोलणं 'हो', 'नको' आणि 'राहू दे' एवढ्यावर आलेलं. बाबा आपल्याही हातून सुटत चाललेत, अशी भीती त्याला वाटायला लागली होती.

म्हणून त्याने ठरवलं, आईच्या पहिल्या स्मृतिदिनाच्या सकाळी बाबा बाल्कनीत बसलेले असतील. दार आपण स्वतः दुरुस्त करायचं.

एवढंच ठरवलं. पुढचं सगळं त्यातून निघालं.

आधी त्याने रतनला बोलावलं. रतन खिडक्या-दारांची अ‍ॅल्युमिनियमची कामं करतो. त्याने दार हलवलं, खाली वाकून पाहिलं आणि म्हणाला, "साहेब, आधी ट्रॅक साफ करा. मग सिलिकॉनचा स्प्रे मारा. तेल-बिल नका घालू हां. नाहीच झालं तर मी पॅनल काढून रोलर बदलतो."

"साफच आहे की."

"साफ?" रतनने ट्रॅककडे पाहिलं, मग धम्मपालकडे पाहिलं आणि गेला.

स्मृतिदिनाच्या आदल्या दुपारी धम्मपाल स्प्रे आणायला निघाला. पहिल्या दुकानात नव्हता. दुसरं दुकान बंद होतं. तिसऱ्या दुकानापर्यंत चालायच्या ऐवजी त्याने विचार केला की स्प्रे म्हणजे शेवटी काय, निसरडेपणा. निसरडेपणा घरात आहेच. बाबा झोपलेले, नीलम बाजारात. त्याने बाथरूममधली खोबरेल तेलाची बाटली घेतली आणि ट्रॅकच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत अर्धी रिकामी केली. साफ वगैरे काही केलं नाही.

आणि दार सरकलं! एका बोटाने. चार वाजता बाबा उठले तेव्हा धम्मपालने त्यांच्यासमोर ते तीनदा सरकवून दाखवलं.

"काय घातलं?" बाबांनी विचारलं. बऱ्याच दिवसांनी त्यांनी आपणहून विचारलेला हा पहिला प्रश्न.

"स्प्रे," धम्मपाल म्हणाला. "इम्पोर्टेड."

बाबांनी वास घेतल्यासारखं केलं. रात्री दार उघडंच ठेवलं, म्हणजे सकाळी बाबांना ते ओढायलाही लागू नये. त्या रात्री मुलुंडला थंडी पडली. डोंगराच्या बाजूने गार वारा आला आणि लोकांनी कपाटातून स्वेटर काढले. पहाटे उठून धम्मपालने पाहिलं तर बाबा बाल्कनीत होते. मफलर गुंडाळून, आपल्या खुर्चीवर, शेजारची खुर्ची रिकामी. त्याला भरून आलं. आपण आयुष्यात एक तरी काम नीट केलं, असं त्याला वाटलं.

साडेनऊला विहारातले भन्तेजी यायचे होते. धम्मपालची बहीण अनुपमा कल्याणहून आली, अकोल्याची आत्या दोन दिवस आधीच आलेली, शेजारपाजारची मंडळी पांढऱ्या कपड्यांत चटईवर बसली. बुद्धमूर्तीसमोर आईचा फोटो, फुलं, मेणबत्त्या. भोजनदान बाराच्या आत व्हायला हवं, कारण भन्तेजी बारानंतर जेवत नाहीत. आणि भन्तेजींना खीर बाबांनी स्वतःच्या हाताने वाढायची होती. वर्षभरात त्यांनी मागितलेली ही एकच गोष्ट. महिनाभर आधी त्यांनी सांगून ठेवलं होतं, "मथुराच्या नावानं मी वाढीन."

"दादा, बाबा बाहेर बसलेत तोवर ते दार लाव ना जरा," अनुपमा म्हणाली. "मेणबत्त्या विझतायत."

"बघ आता," धम्मपाल म्हणाला. "एका बोटाने."

एक बोट पुरलं नाही. दुसरं लावलं. मग हात लावला. दार जड लागत होतं, पण सगळे बघत होते, म्हणून त्याने खांदा लावून एकच जोरदार धक्का दिला. दार चर्र करत गेलं आणि चौकटीपासून चार बोटांवर थांबलं. तिथून ते पुढेही जाईना आणि मागेही येईना.

बाबा बाहेर.

"बाबा, घाबरू नका!" धम्मपाल फटीला तोंड लावून ओरडला.

चाळीस वर्षं मुंबईत काढूनही बाबांची वऱ्हाडी गेलेली नाही. "मी कायले भेऊ?" ते म्हणाले. "मी तं मोकळ्यात हाओ. अडकले तुमी."

रतनला फोन केला. तो बोरीवलीला कामावर होता, दोनच्या आधी यायला जमणार नव्हतं. शेजारच्या दोघांनी आणि धम्मपालने मिळून दार ओढलं. चौथा धक्का मारायच्या आधी नीलमने त्यांना थांबवलं, कारण काच थरथरत होती. तेवढ्यात बेल वाजली. भन्तेजी आले.

धम्मपालने हात जोडून सगळं सांगितलं. (इम्पोर्टेड स्प्रे एवढा भाग तसाच ठेवला.) भन्तेजींनी दाराकडे पाहिलं, काचेपलीकडे हात जोडून उभ्या असलेल्या बाबांकडे पाहिलं आणि म्हणाले, "फट आहे ना? मग धागा जाईल."

परित्राण पाठाचा पांढरा धागा मूर्तीपासून निघाला, पाण्याच्या कलशाला वेढा घालून भन्तेजींच्या हातून सगळ्यांच्या हातांत फिरला आणि शेवटी त्या चार बोटांच्या फटीतून बाहेर गेला. बाबांनी खुर्ची दाराला लावून घेतली आणि धागा दोन्ही हातांत धरला. पाठ सुरू झाला. अनुपमा रडायला लागली. धम्मपालही रडला असता, पण त्याचं लक्ष घड्याळाकडे होतं. पावणेअकरा.

तेवढ्यात नीलम त्याच्या कानाशी आली. "तू ट्रॅकमध्ये काय घातलंयस?"

"स्प्रे."

"धम्मा."

"इम्पोर्टेड..."

"आज अंघोळीच्या वेळी तेलाची बाटली अर्धी झालेली आणि उरलेलं गोठलेलं. गरम पाण्यात ठेवली तेव्हा पातळ झालं. बाटलीत गोठतं, तर ट्रॅकमध्ये काय होईल?"

धम्मपालच्या चेहऱ्यावरून तिला सगळं कळलं. जानेवारीत खोबरेल गोठतं हे महाराष्ट्रातल्या पोरासोरांना माहीत असतं. हा माणूस क्लेमचे फॉर्म तपासतो आणि निष्काळजीपणाच्या रकान्यात बरोबरची खूण करतो.

पाठ संपला. भन्तेजी देशना, म्हणजे धम्माचं प्रवचन, द्यायला लागले. मथुराबाईंबद्दल बोलले, मग म्हणाले, "जगात धरून ठेवण्यासारखं काही नाही. माणूस असो, वस्तू असो, आज घट्ट आहे ते उद्या सुटतंच."

"ह्ये दार सोडून, भन्तेजी," फटीतून आवाज आला.

सगळ्यांनी भन्तेजींकडे पाहिलं. मग आधी भन्तेजीच हसले आणि त्यांच्यामागे सगळी चटई हसली. काचेपलीकडे बाबा स्वतःच्याच बोलण्यावर हसत होते, धाग्यासकट हात तोंडावर धरून. वर्षभर या घरात तो आवाज नव्हता. धम्मपालने तो ऐकला आणि मघाशी राहून गेलेलं रडू त्याला आता आलं.

देशना संपली तेव्हा सव्वाअकरा झाले होते. नीलमने हेअर ड्रायर आणून त्याच्या हातात दिला. गुलाबी रंगाचा. पांढरा कुर्ता घातलेला धम्मपाल भन्तेजींसमोर, आईच्या फोटोसमोर गुडघ्यांवर बसला आणि ट्रॅकवर गरम हवा सोडायला लागला.

"हा कोणता विधी बाप्पा?" आत्याने विचारलं. "आपल्यात तं विधी नसतात!"

"विधी नाही आत्या," नीलम म्हणाली. "त्याने दाराच्या डोक्याला खोबरेल चोपडलंय, ते वितळवतोय."

तेल वितळलं. त्याबरोबर वर्षभराची धूळ, केस, गवती चहाची वाळलेली पानं असा काळा चिखल वर आला. दार बोटभर हललं आणि त्या चिखलात पुन्हा रुतलं. अकरा पस्तीस. धम्मपाल चमच्याने खरवडायला लागला, चमचा वाकला.

"थांब," बाबा म्हणाले. त्यांनी कुंडीमागे हात घातला आणि फटीतून एक जुना टूथब्रश आत दिला. निळा, केस झिजून आडवे झालेले. "तुझी माय दर आइतवारी यानं घासे. तुमी उठाच्या आंधी."

धम्मपालने ब्रश हातात घेतला. आई होती तोवर, सोळा वर्षं, ते दार आपोआप सरकतं, असं घरातल्या प्रत्येकाला वाटत होतं. दार बिघडलं कधीच नव्हतं. ते घासणारं माणूस गेलं होतं.

"बाबा, मग तुम्ही सांगितलं का नाही?"

"तू इचारलं काय?" बाबा म्हणाले. "आन् त्या ब्रशाले दुसऱ्या कोनाचा हात लागावा, असं मले वाटे नाई."

मान खाली घालून धम्मपाल घासत राहिला. नीलम बाजूला बसून फडक्याने चिखल टिपत राहिली. अकरा पन्नासला दार सरकलं. बाबा आत आले, हात धुतले आणि भन्तेजींच्या पात्रात त्यांनी खीर वाढली. एक थेंब सांडला नाही. सगळे "साधु, साधु, साधु" म्हणाले आणि बाबांनी डोळे पुसले.

पुढच्या रविवारी धम्मपाल सहाला उठला. (नीलमने आधी त्याचं कपाळ हाताने तपासलं.) तो दारात मांडी घालून बसला आणि ट्रॅक घासायला लागला. कोपरे घासले, चाकांच्या खालचं घासलं. घासता घासता त्याला वाटलं, आई इथेच बसत असेल, अशीच. पाऊण तासाने मागे चाहूल लागली. बाबा उभे होते, हातात चहाचा कप, त्याच्याकडे टक लावून बघत. त्यांना आईची आठवण येत असणार. आता ते काहीतरी बोलतील आणि ते आपल्याला जन्मभर पुरेल, हे धम्मपालने ओळखलं. तो ब्रश थांबवून वाट बघत राहिला.

"तुझी माय पाच मिन्टात उरके," बाबा म्हणाले. "दार तं सरकते आता. तू सरक."