चिंचेवरचे एकोणीस जण

"मी त्या चिंचेवर होतो!"

हे वाक्य मी गेली पन्नास वर्षं दर शनिवारी व्हेरोनाच्या रमच्या दुकानात, डॉमिनोचा ठोकळा टेबलावर आपटून म्हणत आलोय. बार्बाडोसमध्ये आमच्या वयाच्या माणसाला नाव-गाव कुणी विचारत नाही. 'त्या दिवशी कुठे होतास?' एवढंच विचारतात. त्या दिवशी, म्हणजे इंग्लंडविरुद्धच्या कसोटीच्या चौथ्या दिवशी, चहापानानंतर आमच्या ऑरविल ब्लेड्सने सात षटकांत पाच गडी उडवले, त्या दिवशी! मैदानात मुंगी शिरायला जागा नव्हती. म्हणून मग कुंपणाबाहेरच्या चिंचेवर पोरं चढली. त्या पोरांत मी एक. लिव्हिंगस्टन गिटन्स, निवृत्त बस ड्रायव्हर. डावीकडची तिसरी फांदी!

काय ते क्रिकेट, स्किपर! ब्लेड्स धावायला लागला की आधी पाय दिसायचे, मग धूळ, मग स्टंप हवेत! फलंदाजाच्या डोक्यावर साधी टोपी आणि ओठांवर देवाचं नाव. यष्टिरक्षक इतका मागे, की त्याला हाक मारायची तर पत्र टाकावं लागे. आणि आता? रंगीबेरंगी पायजमे, दर चौकाराला नाचगाणी, तीन तासांत खेळ खल्लास! दुपारच्या जेवणातला मॅकरोनी-चीजचा पाय पोटात पुरता उतरतही नाही तोवर बक्षीस समारंभ! वैताग येतो नुसता.

तर मी त्या चिंचेवर होतो.

आता तुम्ही काही आमच्या गावचे नाही, म्हणून तुम्हाला सांगतो. मी नव्हतो. मी घरी खाटेवर होतो. एकोणिसाव्या वर्षी, लग्नाच्या वयात, मला गालगुंड झालं होतं! आईने हनुवटीपासून टाळूपर्यंत फडकं बांधलेलं, उशाशी रेडिओ. पाचवा गडी गेला तेव्हा मला ओरडताही आलं नाही. ही काय लोकांना सांगायची गोष्ट आहे?

पण थाप खपली, कारण मला साक्षीदार होता. माझा दोस्त कथबर्ट, निवृत्त पोस्टमन. मी म्हणायचो, "कथबर्ट माझ्या शेजारच्या फांदीवर होता." कथबर्ट म्हणायचा, "होतोच तर! लिव्ही माझ्या शेजारी." बिचाऱ्याला त्या गर्दीत कुणीतरी माझ्यासारखं दिसलं असणार, अशी माझी समजूत. खऱ्या माणसाचा गैरसमज आपण कशाला दूर करायचा?

तर एका शनिवारी मिस शोरी नावाची एक बाई वही घेऊन दुकानात आली. त्या कसोटीला पन्नास वर्षं होत होती आणि सोहळ्याच्या समितीने तिला पाठवलं होतं.

"चिंचेवर बसून तो सामना पाहिलेलं कुणी आहे का इथे?"

आम्ही दुकानात अकरा जण होतो. अकरा हात वर झाले. बाहेर बस थांबली होती, तिच्या ड्रायव्हरनेही खिडकीतून हात वर केला. तो आता चाळीस वर्षांचा आहे.

"खऱ्या साक्षीदारांना येत्या कसोटीत पॅव्हेलियनच्या पहिल्या रांगेत दोन दोन खुर्च्या मिळतील," मिस शोरी म्हणाली. "पाचही दिवस. जेवणासकट. जुन्या खेळाडूंच्या शेजारी."

माझ्या तोंडाला पाणी सुटलं! ऑरविल ब्लेड्सच्या शेजारी पाच दिवस! मी तिच्या हातातून पेन जवळजवळ हिसकावलं आणि सही ठोकली. वर फांदीसुद्धा लिहिली. उचलली जीभ, लावली टाळ्याला!

दोन आठवड्यांनी पत्र आलं. माझ्या बायकोने, मर्लीनने, ते मोठ्याने वाचलं. मर्लीन गावातल्या शाळेची छत्तीस वर्षं मुख्याध्यापिका होती. ती पत्र वाचते तेव्हाही समोरच्याला उभं राहावंसं वाटतं.

"कळवण्यास आनंद होतो की, त्या दिवशी काढलेला चिंचेचा फोटो वर्तमानपत्राच्या कचेरीतल्या अडगळीत सापडला आहे. त्यात एकोणीस जण दिसतात. आमच्याकडे मात्र दोनशे बारा नावं आली आहेत."

"दोनशे बारा!" मी म्हणालो. "थापाडे लेकाचे!"

"सोहळ्यात त्याच झाडावर, त्याच जागी साक्षीदारांना बसवून तसाच फोटो पुन्हा काढण्यात येईल. मग जुन्या फोटोवरचा पडदा दूर केला जाईल."

माझ्या हातातला फिश केक बशीत पडला. एकोणसत्तराव्या वर्षी झाडावर? आणि खाली फोटो?

"मर्लीन, माझे गुडघे..."

"सही केलीस ना?"

"केली, पण रक्तदाब..."

"डॉक्टरला विचारलं मी. तो म्हणाला, चढू दे."

"अगं, पण..."

"लिव्ही, सही केली की हजर राहायचं. तुझा पांढरा शर्ट इस्त्री करून ठेवलाय."

बाकीच्यांच्या बायका मुख्याध्यापिका नव्हत्या. फोटोची बातमी पसरली मात्र, बेटावर साथ आल्यासारखी माणसं आजारी पडली! कुणाचा गुडघा, कुणाचा हर्निया, कुणाला कॅनडातल्या मेहुण्याच्या अंत्ययात्रेला जायचं होतं. दोनशे बारापैकी दोनशे दहा जण गळाले. उरलो मी आणि कथबर्ट. कथबर्ट खरा साक्षीदार, तो कशाला घाबरेल? आपण त्याला चिकटून बसायचं, फोटोत माझा चेहरा नाही दिसला तर 'मी कथबर्टच्या मागे होतो' म्हणायचं, असा मी बेत केला.

सोहळ्याच्या दिवशी झाडाखाली तीनशे खुर्च्या होत्या. चिंचेला शिडी लावली होती. आधी मी चढलो, मग कथबर्ट. कथबर्टचं वजन एकशे दहा किलो आहे, त्यामुळे तो चढला असं म्हणण्यापेक्षा झाड खाली आलं असं म्हणायला हवं. खालून टाळ्या पडल्या.

"शिडी फोटोत येतेय!" फोटोग्राफर ओरडला. शिडीवाल्याने शिडी काढून ट्रकवर टाकली. तेवढ्यात एक वाजला. जेवणाची सुट्टी! शिडीवाला ट्रकसकट जेवायला गेला.

"कथबर्ट," मी फांदीला मिठी मारून म्हणालो, "आता तूच माझा आधार. फोटोत तू कुठे असशील?"

कथबर्टला घाम फुटला होता. "मला काय विचारतोस? तुझ्या मागे कुठेतरी!"

"माझ्या मागे कसा?"

"म्हणजे तू होतास, म्हणून मी तुझ्या शेजारी होतो असं म्हणायचो!"

"आणि तू होतास म्हणून मी तुझ्या!"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. वाऱ्याने फांदी हलली.

"तू नव्हतास?" कथबर्ट किंचाळला.

"हळू बोल! तू कुठे होतास?"

"सेंट लुसीला, बेटाच्या पार उत्तर टोकाला. मामाच्या डुकराला खाज झाली होती, औषध लावत होतो!"

"पन्नास वर्षं मी तुझ्या भरवशावर बोलतोय, आणि तू डुकराला मलम चोळत होतास?"

"तू तरी कुठे होतास?"

मी गालगुंडाचं नाव काढलं नाही. डुकरासमोर ते हलकं पडलं असतं.

खाली मिस शोरीने पडदा ओढला. खाटेएवढा मोठा फोटो! लोक उठून पुढे आले. मिस शोरी काठीने एकेक जण दाखवू लागली. हा अमुक, वारला. हा तमुक, लंडनला असतो. हा पुढे पाद्री झाला. सतरा, अठरा...

"आणि आपले श्रीयुत गिटन्स," ती म्हणाली, "डावीकडची तिसरी फांदी..."

काठी हवेत थांबली. फोटोत मी तर नव्हतोच, पण फोटोत तिसरी फांदीच नव्हती! डावीकडे दोनच फांद्या होत्या. मी ज्या फांदीवर पन्नास वर्षं बसलो होतो, ती नंतर उगवली होती!

तीनशे माणसं माना वर करून आमच्याकडे बघायला लागली. आधी दुकानवाली व्हेरोना हसली. मग खुर्च्या हसल्या, पोलीस हसला, आणि ज्यांचे गुडघे दुखत होते ते दोनशे दहा जण तर मांड्या थोपटून हसले! मला वाटलं, ही फांदी मोडेल तर बरं. हात दाखवून अवलक्षण ते हेच.

"उतरा खाली!" कुणीतरी ओरडलं.

"शिडी जेवायला गेलीय!" कथबर्ट रडवेल्या आवाजात म्हणाला.

मी मर्लीनकडे बघायचं टाळत होतो. पन्नास वर्षं माझ्या तोंडून ही गोष्ट ऐकली त्या बाईने. लग्नाआधी पहिल्या भेटीतही मी तिला हीच गोष्ट सांगितली होती. गोष्ट संपली, आता माझ्याकडे सांगण्यासारखं उरलंय काय? मला खरोखर रडू यायला लागलं.

तेवढ्यात मर्लीन खुर्च्यांमधून झाडाखाली आली. पर्स काखेत, हॅट डोक्यावर.

"लिव्ही, आता रडू नकोस. डावा पाय खाली सोड. अजून. तिथे एक गाठ आहे."

खरंच होती.

"आता खोडाकडे तोंड कर. उजव्या हाताला ढोली आहे, तिच्यात बोटं घाल. घाबरू नकोस, खोल नाहीये."

ढोलीही होती! मी वटवाघळासारखा खोडाला चिकटलो.

"तुला कसं माहीत?"

मर्लीन मिस शोरीकडे वळली. "एकोणीस म्हणालात ना? अठराच दाखवलेत."

"एकोणिसावी व्यक्ती अगदी शेंड्यावर आहे," मिस शोरी म्हणाली. "पानांतून फक्त शाळेची हॅट आणि दोन लोंबते पाय दिसतात. कोण ती मुलगी, कुणालाच सांगता येत नाही."

"मी," मर्लीन म्हणाली.

हसणं बंद. आवारातल्या अर्ध्या लोकांना तिने कधी ना कधी, कसोटी सामन्यासाठी शाळा बुडवली म्हणून छडी मारली होती!

"मॅडम," मागून एक टकलू म्हणाला, "तो दिवस मंगळवार होता. शाळा होती."

"खाली बस, विन्स्टन," मर्लीन म्हणाली. तो बसला. पण मर्लीनचे कान लाल झाले होते. एवढ्यासाठीच ती पन्नास वर्षं गप्प होती.

दोन्ही खुर्च्यांचे पास तिला मिळाले. तिने ते पर्समध्ये टाकले. मी विचारलं नाही, दुसरी खुर्ची कुणाची. कुठल्या तोंडाने विचारणार?

पुढच्या शनिवारी मी दुकानाच्या कोपऱ्यात मॉबीचा, म्हणजे झाडाच्या सालीच्या कडू सरबताचा, ग्लास घेऊन, मान खाली घालून बसलो होतो. रम मागायचीही हिंमत नव्हती. मर्लीनला मात्र व्हेरोनाने मधल्या खुर्चीवर बसवलं. दुकानाला पहिल्यांदाच खरा साक्षीदार लाभला होता! सगळे खुर्च्या ओढून जवळ आले.

"सांगा मॅडम! ब्लेड्सची ती षटकं! अगदी पहिल्यापासून!"

मर्लीनने घसा साफ केला.

"ऊन होतं," ती म्हणाली. "मुंग्या होत्या. पाच जण बाद झाले. मग मी घरी गेले."

सगळ्यांनी खुर्च्या आणखी पुढे ओढल्या.

"आणि?" कथबर्टने विचारलं.

"लाल मुंग्या होत्या."

लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. कुणीतरी डॉमिनो चाळवले. शेवटी व्हेरोनाच वैतागून म्हणाली, "लिव्ही, थापाड्या, तूच सांग बाबा!"

मी मर्लीनकडे पाहिलं. ती म्हणाली, "सांग की." मग काय! मी उठलो. चहापान संपलं, ब्लेड्सने बाह्या दुमडल्या, वारा समुद्राकडून आला, पहिला चेंडू, मधला स्टंप! दुसरा गडी कसा वाकला, कसा चेंडू हातमोज्याला लागून स्लिपमध्ये गेला! दुकान श्वास रोखून बसलं. मर्लीन तर खुर्चीच्या कडेवर येऊन, हनुवटीला हात लावून ऐकत होती.

"असं झालं होतं होय!" ती म्हणाली.

मी थांबलो. "म्हणजे? तू तर तिथे होतीस!"

"शेंड्यावर होते. खाली सगळी पानंच पानं. मला काही दिसलं नाही, लिव्ही. खालचे ओरडले की मी ओरडायचे." तिने पर्समधून तो दुसरा पास काढून माझ्यापुढे सरकवला. "आणि आता तर या म्हाताऱ्या डोळ्यांना पॅव्हेलियनमधूनही चेंडू दिसायचा नाही. शेजारी बसून सांगायला कुणीतरी हवं. ते राहू दे, तिसरा कसा बाद झाला?"