सिस्टरच्या गोलातला माणूस

कारागिराचा दावा मोठा होता. माणूस समोर नको, त्याचा आवाज नको, फोनमधल्या त्या एवढ्याशा गोलातला त्याचा प्रोफाइल फोटो तेवढा दाखवा. त्याच्या घरात काय शिजतंय आणि काय करपतंय ते मी सांगतो, असं तो दुकानात येईल त्याला ऐकवायचा.

दावा अगदीच हवेतला नव्हता. मोबाइल दुरुस्तीला येणाऱ्या प्रत्येकाचा नंबर तो घ्यायचा आणि नावाच्या जागी बिघाड लिहायचा, कारण नाव विसरतं, बिघाड विसरत नाही. 'काच फुटली, जिना'. 'पाण्यात, बादली'. 'चार्जिंग पिन, दुसऱ्यांदा'. असे अकराशे बिघाड त्याच्या फोनात गुण्यागोविंदाने नांदत होते आणि दुपारी डबा खाताखाता तो त्यांचे गोल बघत बसायचा. 'काच फुटली, जिना' याने बायकोबरोबरचा फोटो लावला की समजावं, काल कडाक्याचं भांडण झालंय आणि आज तहाची बोलणी चालू आहेत. 'पाण्यात, बादली' बाईंच्या चेहऱ्याच्या जागी गुलाब आला, म्हणजे वजन वाढलं. 'चार्जिंग पिन' वर्षभर नव्या गाडीला टेकून उभा होता. एके दिवशी गाडी गेली आणि मागचा सूर्यास्त तेवढा उरला. मेव्हण्याने आपली गाडी परत नेली असणार, हे सांगायला ज्योतिषी कशाला हवा?

अकराशे घरांची अशी खडान्खडा माहिती ठेवणाऱ्या या गृहस्थाची माहिती ठेवणारं मात्र कोणी नव्हतं. बायको जाऊन नऊ वर्षं झाली होती. मूलबाळ नाही. संध्याकाळी कुलूप काढून घरात शिरलं की सकाळी जिथे ठेवला तिथेच पेला. अकराशेंपैकी एकानेही आजवर 'जेवलात का' असं विचारलं नव्हतं, आणि त्यात त्यांचा दोष नव्हता. फोन नीट झाल्यावर दुरुस्तीवाल्याची आठवण कोण काढतो?

त्याच्या कामाची एक रीत होती. दुरुस्त झालेल्या फोनचे दोन्ही कॅमेरे तो तपासायचा. मागच्या कॅमेऱ्याने काउंटरवरच्या प्लॅस्टिकच्या फुलदाणीचा फोटो, पुढच्याने स्वतःचा. स्वतःचा काढताना तो हसायचा, कारण दात स्पष्ट आले की कॅमेरा ठीक. दिवसातून पाच-सहा वेळा हसणं व्हायचं ते एवढंच. फोन पुसला जाऊन माणसाचा प्रोफाइल फोटोही गेला असेल, तर गिऱ्हाइकाला रिकाम्या गोलानिशी घरी पाठवायचं नाही म्हणून तिथे तो फुलदाणी लावून द्यायचा आणि आपला हसरा चेहरा डिलीट करायचा.

सिस्टरच्या फोनच्या वेळी त्याचा चष्मा कपाळावर होता. फुलदाणी डिलीट झाली, चेहरा गोलात गेला.

सिस्टर म्हणजे इस्पितळातून निवृत्त झालेल्या परिचारिका. आजूबाजूचे सगळे त्यांना अजून सिस्टरच म्हणत आणि त्याही जगाकडे अजून वॉर्डासारखंच बघत. त्यांचा फोन भांडी घासताना बेसिनमध्ये पडला होता. तो घेऊन गेल्या त्याच्या तिसऱ्या दिवशी त्या दुकानाच्या दारात उभ्या राहिल्या आणि फोन कारागिराच्या नाकासमोर धरला. त्यांच्या नावाशेजारी कपाळावर चष्मा चढवलेला कारागीर बत्तिशी दाखवत होता.

कारागिराने हात पुढे केला. "सिस्टर, चूक झाली. द्या इकडे, मिनिटात काढतो."

"हात लावायचा नाही," सिस्टर म्हणाल्या आणि स्टूल ओढून बसल्या.

मग त्यांनी केसपेपर वाचावा तसं सगळं सांगितलं. पहिल्याच सकाळी धाकट्या बहिणीचा फोन आला होता, चार महिन्यांनी. हा कोण माणूस, म्हणून. खरं सांगितलं असतं तर बोलणं अर्ध्या मिनिटात संपलं असतं. म्हणून सिस्टर एवढंच म्हणाल्या की आहेत एक. बहिणीने दुपारपर्यंत ते 'एक' झाडून सगळ्या नातलगांना कळवले. जुन्या परिचारिकांच्या ग्रुपवर अभिनंदनाची रांग लागली. आणि संध्याकाळी मुलाचा फोन आला.

मुलाचं नाव घेताना मात्र सिस्टरचा वॉर्डातला आवाज बसला. तो बायकोबरोबर दूरच्या शहरात असायचा. आठ महिने त्याचा फोन नव्हता. मेसेज केला तर उत्तराला वर केलेला अंगठा यायचा. त्या दिवशी तो चाळीस मिनिटं बोलला; रागाने बोलला, पण बोलला. आता रविवारी त्या माणसाला बघायला स्वतः येत होता.

"तुम्ही फक्त चहाला या," सिस्टर म्हणाल्या. "काही बोलायचं नाही. पेशंटसारखं बसायचं. तो आला, दोन घास माझ्या हातचे खाल्ले, की मी त्याला खरं सांगेन."

हे म्हणजे चोराला पुन्हा त्याच घराचं आमंत्रण. पण आपल्याला रविवारी चहाला कोणी बोलावल्याला किती वर्षं झाली, याचा हिशेब कारागिराने मनात केला आणि हो म्हणाला.

रविवारी तो इस्त्रीचा शर्ट घालून आला. तीच इस्त्री त्याने दोनदा केली होती, कारण पहिली केल्यावर तासभर वेळ उरला होता. मुलाने दार उघडलं, खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि सुरुवात केली. काय करता, कुठे राहता, घरी कोण, तब्येत कशी, झोप लागते का. निम्मी उत्तरं सिस्टरच देत होत्या: रक्तदाब बरा, गोळी एकही नाही, एकटेच असतात. मुलाला वाटत होतं आपण या माणसाला घाम फोडतोय. कारागिराला मात्र आयुष्यात कोणी त्याच्याबद्दल इतकं विचारलं नव्हतं. तो हळूहळू रंगात आला. झोपेच्या प्रश्नाला त्याने उशी किती पातळ लागते इथपर्यंत उत्तर दिलं.

शेवटी मुलगा वैतागला. म्हणाला, हे लग्नबिग्न काय ते असेल, पण चार दिवसांच्या ओळखीवर फोटो लावायचा? फोटोला काय, कोणीही कोणाचाही लावतो, त्याला काही अर्थ नसतो.

पेशंटसारखं बसायचं ठरलेला कारागीर इथे उसळला. घाव थेट दाव्यावर बसला होता. "तुमचा दाखवा," तो म्हणाला.

मुलाने फोन पुढे केला. डोंगरावर हसत उभा असलेला फोटो. कारागिराने चष्मा डोळ्यांवर घेतला, खिशातलं बारीक कामाचं भिंग काढलं आणि नको तेवढं वाकून पाहिलं.

"खांद्यावर चार बोटं आहेत," तो म्हणाला. "बाईची. बाकी माणूस कापलंय, बोटं कापायची राहिली." आणि कोणी अडवायच्या आत पुढचंही बोलून गेला, "एकटेच जेवता ना हल्ली?"

सिस्टरच्या हातातली किटली टेबलावर टेकली. कारागिराला वाटलं, आता आपल्याला भिंगासकट बाहेर काढतील.

मुलगा खुर्चीत खचल्यासारखा बसला. "आई, ती गेली घर सोडून. आठ महिने झाले."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"फोन केला असता तर तू आवाजावरून ओळखलं असतंस."

"म्हणून फोनच नाही?" सिस्टर म्हणाल्या. मग बशी त्याच्यापुढे सरकवत, "रात्री काय खातोस?"

"मिळेल ते."

पुढचा दीड तास त्या दोघांचा होता. कारागीर ठरल्याप्रमाणे पेशंटसारखा बसून राहिला. मध्येच सिस्टरनी फुलदाणी आणि चेहऱ्याचा घोळ सांगून टाकला, तेव्हा मुलगा इतका हसला की त्याला ठसका लागला. निघताना तो म्हणाला, "काका, आमचा दोघांचा एक फोटो काढता?" कारागिराने तीन काढले. त्यातला बरा निवडून सिस्टरच्या गोलात स्वतःच्या हाताने लावला, चष्मा नीट घालून, आणि आपला डिलीट केला. बोट जरा जड गेलं, पण गेलं.

बुधवारी दुकानात गर्दी असताना सिस्टरचा फोन आला. आवाज ओशाळलेला होता.

"अहो, एक गोंधळ झालाय. तुमचा फोटो काढून टाकला ना, तर माझ्या बहिणीने परस्पर ठरवलं की तुम्ही वारलात."

"मी?"

"सगळ्यांना कळवूनही मोकळी झाली. सकाळपासून तुम्ही गेल्याच्या दुःखाचे एकतीस मेसेज आलेत. आता मी एकेकाला खरं काय ते लिहिते."

कारागिराने गिऱ्हाइकांना हाताने थांबायची खूण केली, काउंटरमागचं स्टूल ओढलं आणि नीट टेकून बसला.

"थोडं थांबा, सिस्टर," तो म्हणाला. "आधी वाचून दाखवा."

"काय?"

"ते एकतीस. सावकाश वाचा. मला घाई नाही."