इंग्रजीच्या तासाला टेंपो आला

छकुलीचा बेत म्हणजे एकदम पक्का! तिचा बा, शिदू, आज कोकणात बांधकामावर निघाला होता, थेट दिवाळीपर्यंत. सकाळीच त्यानं सांगितलं होतं, "टेंपो शाळंवरनंच जाईल. हारन वाजला का फाटकाशी ये. मुकादम लय वेळ थांबायचा न्हाई." हॉर्न वाजला की लघवीच्या नावाखाली सुटायचं, असं छकुलीनं ठरवलं. त्यापुरतं इंग्रजी तिला तोंडपाठ होतं!

कुसगावच्या त्या शाळेत सारिकाबाईंचा नियमच होता. इंग्रजीच्या तासाला मराठी चपलांबरोबर बाहेर ठेवायची! बाईंनी काहीही विचारलं की वर्गानं पत्रे उडतील असं "यस, मॅडम!" ओरडायचं. 'समजलं नाही' हे इंग्रजीत कसं म्हणायचं, ते मात्र बाईंनी कधी शिकवलंच नाही.

आणि नेमके आजच तपासणीला साहेब आले! साहेबांनी प्रश्न विचारला की पोरांच्या माना खाली. बाईंना घाम फुटला. तेवढ्यात बाहेर हॉर्न वाजला. छकुली ताडकन उठली.

"मे आय गो टू टॉयलेट, मॅडम?"

साहेब खूश! "व्हेरी गुड! स्वतःहून बोलली पोरगी! कम हिअर! व्हॉट इज युवर नेम?"

"माय नेम इज छकुली."

टाळ्या! बाहेर पुन्हा हॉर्न.

"कोण गाढव आहे तो!" बाईंच्याच तोंडून मराठी निसटलं. त्यांनी खिडकी धाडकन लावून घेतली.

छकुली दाराकडं सरकली. "टॉयलेट, सर!" ती काकुळतीनं म्हणाली.

"वन मिनिट. व्हेअर इज युवर फादर?"

'बा हितं भाईर हाय, मला सोडा की वो!' याला इंग्रजीत काय म्हणतात, देव जाणे! बाईंनी घोटून घेतलेलं उत्तर तेवढं तोंडात आलं.

"माय फादर इज ॲट होम, सर."

टाळ्यांचा नुसता कडकडाट! त्यातच टेंपोचा गिअर करकरला आणि आवाज घाटाकडं गेला. छकुलीनं भोकाड पसरलं. साहेबांना वाटलं, पोरगी आनंदानं रडतेय. त्यांनी तिला स्वतःचं पेन दिलं आणि शेरा लिहायला ऑफिसात गेले.

बाईंनी तिला जवळ ओढलं. "अगं वेडे, शाळेचं नाव राखलंस! रडतेस काय? जा, आता ये जाऊन."

"बाई, मराठीत बोलू?"

"बोल गं, बोल!"

छकुलीनं बाहीला नाक पुसलं.

"आता न्हाई लागली."